बारा रात्रींचा युरोप

आमच्याकडे निमंत्रणं दोन प्रकारची असतात. एक बसून दिलेलं आणि एक दारात दिलेलं. बसून दिलेलं खरं असतं. त्याला तारीख असते, जेवायला काय करायचं तेही मनात ठरलेलं असतं. दारातलं निमंत्रण पाहुणे चपला घालत असताना द्यायचं. पाहुण्यांनी ‘हो हो, बघू की’ म्हणत लिफ्टचं बटण दाबायचं आणि विषय तिथेच संपवायचा. यात कोणी कोणाला फसवत नाही. नुसतं ‘अच्छा, या’ म्हणून दार लावणं बरं दिसत नाही, म्हणून वरून घातलेलं ते चमचाभर तूप असतं.

यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी माझे मोठे दीर आणि जाऊबाई आमच्याकडे जेवायला आले होते. ते भाईंदर पश्चिमेला राहतात, आम्ही पूर्वेला, जेसल पार्कात. जेवताना आमच्या मे महिन्यातल्या युरोपच्या प्रवासाचा विषय निघाला होता, तो बडीशेपेबरोबर संपलाही होता. निघताना दीर दारात चपला घालत होते, तेव्हा आमचे हे म्हणाले, ‘‘दादा, तुम्ही पण चला ना. मजा येईल.’’

नवरा असं म्हणाला की बायकोने दुजोरा द्यायचा असतो, नाहीतर ते उघडंउघडं खोटं वाटतं. मी म्हटलं, ‘‘हो ना वहिनी, चलाच!’’

जाऊबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, ‘‘आम्ही कुठे गं आता या वयात.’’ इथपर्यंत सगळं नियमाला धरून होतं. मग दिरांनी पायात घातलेली एक चप्पल परत काढली, आत येऊन सोफ्यावर बसले आणि म्हणाले, ‘‘किती दिवसांची आहे म्हणालास?’’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी परत चहाचं आधण ठेवलं.

आमचा प्रवास मुळात युरोपचा नव्हताच. तो आमच्या मुलीकडे जाण्याचा होता. ती जर्मनीत शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तिच्या शहराचं नाव आमच्या घराण्यात कोणालाच नीट उच्चारता येत नाही, त्यामुळे सगळे त्याला ‘तिचं गाव’ म्हणतात. मागच्या गणपतीत ती आठवड्यासाठी आली होती. आली आणि झोपली. आरतीला उठायची, टाळ्या वाजवायची, परत झोपायची. बारीक झाली होती. विचारलं तर ‘काम असतं गं’ म्हणायची. आईला सगळं कळतं वगैरे म्हणण्यात काही अर्थ नाही. मला काहीच कळत नव्हतं, म्हणूनच मला तिथे जायचं होतं. ती कुठे राहते, सकाळी उठून काय खाते, संध्याकाळी घरी आल्यावर तिच्याशी कोण बोलतं, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. पाहुणीसारखं तासभर बसून नाही, तर तिच्या घरात चार कपडे धुऊन, दोन भाज्या करून.

ऑफिसातून मला दोन आठवड्यांच्या वर सुट्टी मिळणार नव्हती. येण्याजाण्याचे दिवस वजा करता हातात बारा रात्री उरत होत्या. दिवाळीत आम्ही दोघी मायलेकींनी व्हिडिओ कॉलवर बसून त्या वाटल्या होत्या. आठ रात्री तिच्याकडे, आणि ह्यांची हौस म्हणून चार रात्री पॅरिसला. ती तेव्हा इतकी खूश होती की तिने दिवसही मांडून ठेवले होते. एक दिवस गावाबाहेरच्या तळ्यावर, एक दिवस तिचं ऑफिस बाहेरून बघायला, शनिवारी तिथल्या आठवडी बाजारात. ‘‘आई, तिकडे मुळ्याचा पाला टाकून देतात. आपण मागून आणू,’’ असंही म्हणाली होती. पॅरिसपेक्षा त्या पाल्याचीच मला जास्त उत्सुकता होती.

आता त्या बारा रात्रींवर आणखी दोन माणसांचा हक्क आला.

दर रविवारी दिरांच्या घरी बैठक बसू लागली. मी लॅपटॉप घेऊन जायची, कारण ‘तू कॉम्प्युटरवर बसतेस ना’ हे माझं घराण्यातलं पद आहे. सहा दिवस ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसते ते पोटासाठी. सातव्या दिवशी का बसायचं, ते कोणी सांगत नाही. एक्सेलची शीट उघडायची. एका रकान्यात शहर, दुसऱ्यात रात्री, तिसऱ्यात हॉटेल, चौथ्यात आगगाडी, पाचव्यात खाणं, आणि शेवटी माणशी खर्च. शेवटच्या रकान्याकडे बघून सगळे सुस्कारा सोडायचे आणि पुढच्याच मिनिटाला एक शहर वाढवायचे.

वाढवण्याचं वाक्य ठरलेलं होतं: ‘‘एवढं जातोच आहोत तर...’’ एवढं जातोच आहोत तर स्वित्झर्लंड कसं सोडायचं? जाऊबाईंना बर्फ बघायचा होता. त्यांच्या बिल्डिंगमधल्या एका बाईने बर्फात साडी नेसून फोटो काढला होता आणि तो त्यांच्या मनात बसला होता. स्वित्झर्लंडपर्यंत आलोच आहोत तर इटली बाजूलाच आहे. इटलीत जाऊन व्हेनिस बघितलं नाही तर लोक काय म्हणतील? हे लोक म्हणजे नेमके कोण, तेही मला माहीत होतं. तेच ते, बर्फात साडी नेसणारे.

दिरांचा स्वभाव हिशेबी. ते वाईट मुळीच नाहीत. गिरगावातल्या एका खोलीत सगळे राहत असताना त्यांनी स्वतःचं शिक्षण सोडून नोकरी धरली आणि आमच्या ह्यांना शिकवलं. ह्यांनी दादांना कधी ‘नाही’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि त्यात मला चूकही काढता येत नाही. पण त्यांनी एकदा यूट्यूबवर बघितलं की रात्रीच्या बसने प्रवास केला तर हॉटेलचे पैसे वाचतात, आणि तेव्हापासून ते आम्हाला प्रत्येक रात्री बसमध्येच झोपवायला निघाले.

‘‘दादा, आपली वयं काय?’’ मी विचारलं.

‘‘अगं, सीट मागे जाते पूर्ण. झोप मस्त लागते.’’

‘‘तुम्हाला एसटीत तरी लागते का? चिपळूण येईपर्यंत टक्क जागे असता.’’

‘‘ती एसटी. हे युरोप आहे,’’ दीर म्हणाले. मी शीटमध्ये ‘रात्रीची बस’ असं लिहिलं आणि घरी येऊन पुसून टाकलं.

जाऊबाईंचं वेगळंच. त्या हिशेबात पडायच्या नाहीत, त्या जेवणात पडायच्या. ‘‘हॉटेलात किटली आहे का बघ. किटली असली की मी सगळं भागवते.’’ पोह्यांना गरम पाणी, उपम्याच्या मिक्सला गरम पाणी, मुगाच्या डाळीच्या पुडीला गरम पाणी. बारा दिवसांची न्याहारी आणि रात्रीचं जेवण त्यांनी एका किटलीवर बसवलं होतं. त्यामुळे खाण्याच्या रकान्यात माणशी खर्च एकदम खाली आला आणि दीर म्हणाले, ‘‘बघ, वाचले ना? आता यात प्राग होतंय.’’

कधीकधी वाटायचं, आमच्या बिल्डिंगखालच्या ट्रॅव्हलवाल्याकडे सगळं सोपवावं आणि मोकळं व्हावं. तो रोज जातायेता म्हणायचा, ‘‘आंटी, क्यूं टेन्शन लेते हो? ग्रुप में जाओ ना, सब घुमा देंगे, खाना भी अपना मिलेगा.’’ पण त्याच्या ग्रुपच्या वाटेत आमच्या मुलीचं गाव येत नव्हतं. कोणत्याच ग्रुपच्या वाटेत येत नव्हतं. तिथे बघण्यासारखं काही नाही, असं त्याने नकाशा बघून मला सांगितलं.

रात्री बाराच होत्या. शहर वाढलं की रात्र कुठून तरी काढायची, आणि ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून निघायची. आठाच्या सहा झाल्या. सहाच्या चार. दीर म्हणायचे, ‘‘ती काय, घरचीच आहे,’’ आणि मी आकडा खोडायची. घरच्या माणसाचं ताट शेवटी वाढायचं, ही आमची जुनीच पद्धत आहे. आयुष्यभर मी ती पाळली. पण इथे माझ्या लेकीचं ताट होतं आणि ते कोणी वाढायलाच घेत नव्हतं.

घरी आल्यावर मी ह्यांच्यावर चिडायची. ‘‘तुम्ही बोला ना काहीतरी!’’

‘‘मी काय बोलू? दादांची एवढ्या वर्षांत पहिली ट्रिप आहे.’’

‘‘आणि माझी?’’

यावर हे पंख्याकडे बघायचे. मग मीही विषय सोडायची, कारण दुसऱ्या दिवशी ऑफिस असायचं आणि जेवणाच्या सुट्टीत व्हेनिसचं हॉटेल बघायचं असायचं. हॉटेल शहरात घेतलं तर खिसा फाटतो, शहराबाहेर घेतलं तर येण्याजाण्यात तेवढेच जातात. आधी पैसे न भरता राखून ठेवता येणारं घ्यायचं, म्हणजे व्हिसा नाकारला तर बुडायला नको. पहिल्या मजल्यावर खोली हवी, कारण जाऊबाईंचे गुडघे. लिफ्ट आहे असं लिहिलेलं असतं, पण लोकांनी खाली लिहिलेल्या तक्रारी वाचल्या की कळतं, लिफ्ट म्हणजे एक माणूस आणि एक पिशवी. मी तिशीत होते तेव्हा हे सगळं मजेत केलं असतं. आता पत्रिका जुळवल्यासारखं वाटायचं. इकडचं जमलं की तिकडचं मोडायचं. आणि मुलीचं लग्न ठरवताना तरी निदान मुलगी समोर असते.

मला सगळ्यात जास्त राग कोणाचा आला असेल तर त्या मुलीचाच. दर वेळी रात्री कमी झाल्या की मी तिला फोन करायची, मनात धरून की ती भांडेल. ती भांडली असती तर मला दिरांपुढे उभं राहायला बळ आलं असतं. ‘पोरगी रडतेय’ म्हटलं असतं तर कोणीही ऐकलं असतं. पण ती म्हणायची, ‘‘चालेल ना आई. काकूंना बर्फ बघू दे.’’ सहाच्या चार झाल्या तेव्हाही ‘‘चालेल.’’ वर आणखी, ‘‘प्राग मस्त आहे, बाबांना आवडेल. तिथे दोन रात्री ठेवा.’’ म्हणजे माझ्याच बाजूचा माणूस जाऊन पलीकडच्यांना सामील झाला होता.

‘‘अगं, मग तुझ्याकडे दोनच उरतात,’’ मी म्हटलं.

‘‘दोन पुरतात गं. फक्त तो शनिवार-रविवार ठेव, आई. बाकी काही बदललंस तरी चालेल, तो बदलू नकोस.’’

मला वाटलं, सुट्टीचा प्रश्न असेल. मी त्या शनिवार-रविवारला पिवळा रंग दिला आणि बाकीची शहरं त्याच्या मागेपुढे सरकवत राहिले. फोनवर ती हल्ली नेहमी रस्त्यावर चालत असायची. ‘‘बाहेर आहे गं, नंतर बोलते.’’ मनात म्हटलं, मोठी झाली, तिचं तिचं जग आहे. आईबापाने आठ दिवस येऊन राहावं असं आता तिला वाटत नसेल. असं वाटून घेतल्यावर माणूस फार थकतो. ऑफिसातून येऊन मी कुकर लावायची आणि त्याच्या शिट्ट्या होईपर्यंत नुसती ओट्याला टेकून उभी राहायची.

व्हिसाचा नियम असा आहे की ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. दिवाळीत आम्ही जर्मनीकडे करणार होतो. आता पॅरिसच्याही दोन कापून सगळ्यात जास्त रात्री स्वित्झर्लंडला गेल्या होत्या. म्हणजे कागदोपत्रीसुद्धा आम्ही मुलीकडे जात नव्हतो. बर्फाकडे जात होतो. स्वित्झर्लंडच्या अर्जात ‘प्रवासाचा उद्देश’ या रकान्यात पर्यटन लिहिताना माझं बोट जरा थांबलं. मग लिहिलं. सहलीला निघालेल्या माणसाने दुसरं काय लिहायचं?

एप्रिलमध्ये व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली. त्याच्या आधीच्या रविवारी शेवटची बैठक बसली. जाऊबाईंनी कैरीचं पन्हं केलं होतं. शीट पक्की झाली होती. चौघांचे कागद वेगवेगळ्या फायलींत लावून मी टेबलावर ठेवले होते. मला बरं वाटत होतं, निदान संपलं म्हणून. दीर चष्मा लावून शीट वाचत होते. वाचता वाचता त्यांचं बोट त्या पिवळ्या रंगावर थांबलं.

‘‘हे बघ,’’ ते म्हणाले, ‘‘आपण प्रागहून हिच्या गावाला जाणार, तिथून परत विमानतळाच्या शहरात येणार. दोन रात्री आणि दोन गाड्या, कशासाठी? तीच पॅरिसला आली तर? तरुण आहे. शुक्रवारी संध्याकाळी बसली की सकाळी पोचली. आपली दगदग वाचेल, भाडं वाचेल, आणि पॅरिसला दोन रात्री वाढतील.’’

‘‘खरंच की,’’ जाऊबाई म्हणाल्या. ‘‘तिलाही फिरायला मिळेल बिचारीला.’’

ह्यांनी पन्ह्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

मी लॅपटॉप बंद केला. मी ओरडले नाही, पण माझा आवाज मलाच ओळखू येईना. ‘‘दादा, तुम्ही तिघं जा. सगळं बुकिंग मी करून देते, कागद लावून देते, किटल्या बघून देते. मी नाही येणार. माझं तिकीट मी परस्पर तिच्या गावाचं काढते. बाराच्या बारा रात्री मी तिथेच राहणार.’’

‘‘अगं, पण तिथे बारा दिवस करणार काय?’’ जाऊबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात खवचटपणा अजिबात नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

‘‘भांडी घासीन,’’ मी म्हटलं.

दीर चष्मा पुसत बसले. मी फायली तिथेच ठेवल्या, चपला घातल्या आणि बाहेर पडले. दारात कोणी कोणाला काही म्हटलं नाही.

पश्चिमेहून पूर्वेला येईपर्यंत हे माझ्या चार पावलं मागे चालत होते. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, ‘‘दादांना असं तोंडावर बोलायला नको होतं.’’

‘‘मग कुठे बोलायला हवं होतं?’’

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि मीटर टाकला.

घरी आले आणि साडीसुद्धा न बदलता मी तिला व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे सहा वाजत आले होते, तिच्याकडे दुपार होती; ती नेहमीसारखी रस्त्यावर होती. मला सांगायची घाई झाली होती. कितीतरी महिन्यांनी मला उत्साह आला होता. ‘‘ऐक,’’ म्हटलं, ‘‘पॅरिस नाही, बर्फ नाही, काही नाही. मी एकटी येतेय. बाराच्या बारा रात्री तुझ्याकडे!’’

मला वाटलं, पडद्यावरचं चित्र अडकलं.

‘‘हॅलो?’’

‘‘आई, नको,’’ ती म्हणाली.

‘‘नको काय?’’

‘‘एवढे दिवस नको येऊस. प्लीज. दोनच दिवस ये ना, ठरलं होतं तसं.’’

माझा उत्साह कुठल्या कुठे गेला. मी पलंगाच्या कडेवर बसले. आत्ताच एका घरातून उठून आले होते मी हिच्यासाठी. ‘‘एवढी नकोशी झाले का गं मी तुला?’’ असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण त्या क्षणी मला तेच वाटत होतं.

तेव्हा ती रडायला लागली. गणपतीत सात दिवसांत रडली नव्हती ती मुलगी.

जे समजलं ते तुकड्यातुकड्यांत समजलं. जानेवारीत तिच्या कंपनीने त्यांचा अख्खा विभागच बंद केला होता. नोकरी गेली होती. नवी शोधत होती, मुलाखती देत होती, अजून कुठे जमत नव्हतं. दोन महिन्यांनी तिने घर सोडलं. आता एका खोलीत आणखी दोन मुलींबरोबर राहत होती आणि पहाटे एका बेकरीत काम करत होती. फोन घ्यायला ती बाहेर रस्त्यावर जायची, कारण खोलीत आम्हाला काही दिसलं असतं.

‘‘मग दोन दिवस तरी आम्ही कुठे येणार होतो?’’ मी विचारलं.

‘‘माझ्या जुन्या ऑफिसातली एक मैत्रीण आहे. त्या शनिवार-रविवारी ती तिच्या आईवडिलांकडे जाणार होती. तिने मला चावी द्यायचं कबूल केलंय. तुम्हाला वाटलं असतं, माझंच घर आहे. मी तिथे आपला छोटा गणपती नेऊन ठेवणार होते, आणि तुमचा दोघांचा फोटो.’’ नाक ओढत ती म्हणाली, ‘‘दोन दिवस निभावलं असतं गं मी. बारा दिवस चावी कोण देणार?’’

तीन महिने मी एका प्रवासाची आखणी करत होते आणि तिकडे ती दुसऱ्याच कशाची तरी करत होती. माझ्यापेक्षा कितीतरी काळजीपूर्वक. मला वाटत होतं, तिचे दिवस तिच्यापासून लोक ओढून घेताहेत. ती स्वतःच एकेक दिवस लोकांना देऊन टाकत होती. कोणी एक शहर वाढवलं की तिला हायसं वाटत असणार. ‘चालेल’ म्हणताना किती दमत असेल, ते माझ्या मनात एकदाही आलं नाही.

‘‘सांगितलं का नाहीस?’’

‘‘काकांची पहिली ट्रिप होती. बाबा एवढे खूश होते. तू रोज ऑफिसातून येऊन हॉटेलं बघत होतीस. मी कशी सांगणार?’’

हे वाक्य घरातल्या कोणीही म्हटलं असतं. तिच्या बापाने म्हटलं असतं, मी म्हटलं असतं. ती परदेशात जाऊन बरंच काही शिकली, पण हे इथूनच घेऊन गेली होती.

‘‘बाबांना नको सांगूस,’’ ती म्हणाली.

हे दारात उभेच होते. किती वेळ उभे होते माहीत नाही. आत येऊन ते माझ्या शेजारी बसले आणि फोन स्वतःकडे वळवून म्हणाले, ‘‘मी ऐकलंय.’’ मग म्हणाले, ‘‘तुझ्या खोलीच्या जवळ एखादी साधी जागा मिळेल का आम्हाला दोघांना? मी पण येणार.’’

‘‘बाबा, मग काका?’’

‘‘काकांशी मी बोलतो,’’ हे म्हणाले. लग्नाला तीस वर्षं होत आली, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. काय बोलणार आहेत ते त्यांना ठाऊक नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ते बोलणार होते.

‘‘इथे बघण्यासारखं काही नाही, बाबा. आणि मी पहाटे चारला उठून जाते. दुपारी येऊन झोपते.’’

‘‘झोप की,’’ मी म्हटलं. ‘‘आम्ही आवाज नाही करणार.’’

ती परत रडली, पण या वेळी थोडीशीच. रस्त्यावरून एक ट्राम गेली, तिचा आवाज आम्हाला ऐकू आला. ती गेल्यावर मी तिला विचारलं, ‘‘जेवलीस का?’’

आईने फोनवर विचारायचा हा प्रश्न. त्याचं उत्तर ‘हो’ असतं. एवढ्या वर्षांत तिने दुसरं दिलं नव्हतं.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘काल रात्रीपासून नाही.’’

‘‘घरात काय आहे?’’

‘‘तांदूळ असतील. दोन अंडी आहेत.’’

‘‘मग वर जा, आणि फोन बंद करू नकोस.’’

ती जिने चढली. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग तिने फोन कुठेतरी टेकवून ठेवला आणि ती खोली आम्हाला पहिल्यांदा दिसली. तीन पलंग, दोरीवर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात एक शेगडी. तिने तांदूळ धुतले. आम्ही दोघं पलंगाच्या कडेवर बसून भात शिजेपर्यंत बघत राहिलो.